पहिली भाकरी आणि सहावं कलम

जावा आणि सुमात्रा ही दोन नावं मी सातवीच्या भूगोलात पाठ केली होती. मसाल्याची बेटं, उष्ण हवामान, भरपूर पाऊस. परीक्षेत प्रश्न आला नाही, आणि तेव्हापासून त्या बेटांचा नि माझा संबंध संपला होता. तो चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी पुन्हा जुळेल, आणि तोही माझ्या तव्यावर, असं कुणी आमच्या गुरुजींना सांगितलं असतं तर त्यांनी आधी मलाच अंगठे धरायला लावले असते.

कंपनीचं नाव मी लिहीत नाही. करार संपल्यावरही पाच वर्षं ते लिहायचं-बोलायचं नाही असं बाराव्या कलमात आहे, आणि कलमांना मी आता फार भिते. कंपनी जकार्ताची, एवढं पुरे. आम्ही उदगीरचे. आमच्या गल्लीतल्या पोरांच्या नूडल्स तिच्या, बिस्किटांचे दोन प्रकार तिचे, आणि ज्या पामतेलात बाजारातली शेव तळली जाते त्यातलं निम्मं तिचंच असावं असं आमचे हे म्हणतात. हे म्हणजे मन्मथप्पा, माझे यजमान. जन्म मोंढ्यातल्या आडत दुकानावर गेला, त्यामुळे जगाची खबर पोत्यांवरून काढतात. पूर्वी मोठी कंपनी म्हटलं की ती विलायतेची नाहीतर अमेरिकेची. आता ह्यांच्या मोंढ्यात तूर आफ्रिकेची उतरते, हातातला फोन चीनचा, आणि भाकरी मागायला जकार्ता. शेजारच्या सरजाबाईंनी यावर एका वाक्यात निकाल दिला, की साहेब बदलला तरी थापायचं आपल्यालाच हाय.

झालं असं, की आमच्या गल्लीतल्या शरणम्माच्या लेकीच्या साखरपुड्याला मी दोनशे कडक भाकरी करून दिल्या. ज्वारीची पातळ भाकरी थापायची, तव्यावर भाजायची, मग आचेच्या कडेला उभी करून पापडासारखी वाळवायची. पंधरा दिवस टिकते. आमच्यात लग्नकार्याला ती नसली तर पाहुणे हात आखडता घेतात. त्या पंगतीत स्वप्नाली नावाची एक मुलगी जेवायला होती, जळकोटची, कंपनीच्या लातूरच्या कार्यालयात नोकरीला. तिनं चार भाकरी खाल्ल्या आणि दोन रुमालात बांधून नेल्या. मला वाटलं आईसाठी नेल्या असतील. त्या जकार्ताला गेल्या.

महिन्याभरात स्वप्नाली दारात. कंपनीला ही भाकरी डब्यात घालून चौदा देशांत विकायची होती. मी, शरणम्मा आणि आणखी चौघीजणी मिळून माझ्या स्वयंपाकघरात रोज तीनशे करायच्या. शरणम्मा तेव्हा डाळ मिलमध्ये निवडायला जायची, धुळीनं तिचा खोकला हटत नव्हता. तिनं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी मिल सोडून आली. मला विचारलंसुद्धा नाही. त्यामुळे मला नाही म्हणायची सोय उरली नाही.

करार एकोणीस पानी इंग्रजीत होता आणि दोन पानी मराठीत. मराठी म्हणजे सारांश. मी इष्टलिंगाला हात लावून दोन पानं वाचली आणि एकोणीस पानांवर सह्या केल्या. माझी चूक सुरू झाली ती इथून.

पहिला आठवडा मापात गेला. भाकरी साडेआठ इंची हवी, वजन चाळीस ग्रॅम, वर डाग पाचापेक्षा जास्त नकोत. माझ्या सासूबाईंनी माझ्या भाकरीला खूप नावं ठेवली, पण डाग मोजले नव्हते. सरजाबाई म्हणाल्या, पातेल्याच्या झाकणानं कापून घे. लिंबाजीभाऊ म्हणाले, आधी एक नमुना भाकरी नोटरी करून घ्या, म्हणजे पुढे वाद नको. हे लिंबाजीभाऊ समोरच्या घरात राहतात. नायगाव तहसीलला अव्वल कारकून होते, निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण कागद दिसला की अजूनही त्यांचा हात शिक्क्याकडे जातो. आमचे हे पाच बाया घरात आल्यामुळे ओसरीवर, आणि ओसरीवर पिठाची पोती आल्यामुळे पारावर गेले.

आता माझ्या नेमाचं सांगायला हवं. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला किल्ल्या दिल्या नाहीत, त्या त्यांनी शेवटपर्यंत कंबरेलाच ठेवल्या. त्यांनी दिला एक नेम. सकाळी आंघोळ, भस्म, तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा, मग स्वयंपाक. आणि दिवसाची पहिली भाकरी दारात जो पहिला येईल त्याची. कोण, कुठला, कशाला आला, विचारायचं नाही. ती त्यानं घेईपर्यंत आपण अन्नाला शिवायचं नाही. आमच्यात ह्याला दासोह म्हणतात. मोठ्या मठांत तो हजारोंचा होतो, माझा एका भाकरीचा. चौतीस वर्षांत एक दिवस चुकला नाही. जंगमस्वामी आले, मीटर वाचायला येणारे आले, वाट चुकलेले वऱ्हाडी आले, एकदा आमच्यावर दावा लावणारे भावकीतले काका आले. त्यांनाही दिली. त्यांनी खाल्ली आणि दावा चालूच ठेवला.

आठवड्याच्या शेवटी कंपनीचा तक्ता भरायचा होता. त्यात एक रकाना, की तयार मालापैकी काही नग अन्यत्र दिले का. कुणीही शहाणी बाई तिथे ‘नाही’ लिहिते. मी सोमवारी उपास आणि रोज दोन वेळा पूजा करणारी बाई, खोटं कसं लिहू. मी लिहिलं, रोज एक, परमेश्वराला.

दुसऱ्या दिवशी स्वप्नालीचा फोन आला. आवाज इतका बारीक झाला होता की मला वाटलं तिच्या घरी काही बरंवाईट झालं. ती म्हणाली, अक्का, सहावं कलम. मी लिंबाजीभाऊंना एकोणीस पानं आणून दिली. त्यांनी चष्मा पुसला आणि वाचून दाखवलं. पुरवठादार हा पदार्थ, कडक असो वा मऊ, पूर्ण असो वा अर्धवट, चांगला असो वा सदोष, कंपनीखेरीज कुणालाही, विकत वा फुकट, देणार नाही. लिंबाजीभाऊंच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. एखाद्या गवयानं दुसऱ्या गवयाची तान ऐकावी तसे ते मान डोलवत होते.

“वैनी, लई पक्कं लिव्हलंय. फट न्हाई कुठं.”

पारावरून हे आले, आणि ऐकून म्हणाले, “मंग मी माझ्या घरात भाकरी खायाची का न्हाई?”

त्याचं उत्तर जकार्ताहून तीन दिवसांनी आलं. कुटुंबातल्या व्यक्तींना खाता येईल, मात्र त्यांची नावं आणि आधार क्रमांक आधी कळवावेत. ह्यांनी स्वतःचं आधार कार्ड शोधायला अख्खं कपाट उपसलं. तोवर भात खाल्ला, आणि भात खाऊन ह्यांचं पोट बिघडतं हे सगळ्या गल्लीला माहीत आहे.

सरजाबाईंनी सुचवलं की पहिल्या भाकरीऐवजी चपाती दे, नाहीतर केळं दे, देवाला काय कळून राहिलंय. पण सासूबाईंचा शब्द असा होता की आपण जे खातो त्यातलं पहिलं द्यायचं. उरलेलं आणि बदली दिलं तर ते दान नव्हे, ती वाटणी. लिंबाजीभाऊंचा तोडगा कायदेशीर होता. दारात येणाऱ्या प्रत्येकाला कुटुंबात दाखल करायचं. पण भंगारवालीचं आधार मागायला गेले तर ती म्हणाली, भाकरीपायी कार्ड दाखवावं लागत असंल तर राशन दुकानात काय वाईट हाय.

शेवटी स्वप्नालीनं फोनवर एक अपवाद-अर्ज भरला. फुकट नग घेणाऱ्या लाभार्थ्याचं नाव काय? मी सांगितलं, आधी माहीत नसतं. पत्ता? नसतो. पुरवठादाराला अपेक्षित लाभ? मोक्ष म्हणायचा धीर झाला नाही, तीनशे भाकरी बडवणाऱ्या बाईच्या तोंडी शोभतही नाही. स्वप्नालीनं ‘लागू नाही’ असं टाकलं.

अज्ञात लाभार्थी चालत नाहीत, असं कंपनीच्या मुंबई कार्यालयानं कळवलं. मागच्या चार दिवसांत कुणी घेतली ते कळवा. मी खरं ते कळवलं. सोमवारी जंगमस्वामी, मंगळवारी कुरिअरवाला, बुधवारी भंगारवाली, गुरुवारी नंदीबैल. गुरुवारी नंदीवाला मागे कोपऱ्यावर विडी पेटवत होता, दारात पहिला पाय बैलाचा पडला. मी काय करणार? प्रकरण मुंबईहून सिंगापूरला आणि तिथून जकार्ताला गेलं, आणि तिकडून विचारणा आली की लाभार्थी क्रमांक चार हे मनुष्य नाहीत याची खात्री करावी, तसं असल्यास त्यांच्या पालकांचं संमतिपत्र जोडावं. नंदीचे पालक म्हणजे साक्षात महादेव. कैलासाहून सही कुणी आणायची यावर दोन दिवस गल्लीत चर्चा झाली. लिंबाजीभाऊ मात्र खूश होते. म्हणाले, आमच्या तहसीलीत फाइल ह्या टेबलावरून त्या टेबलावर जायला महिना लागायचा, हिथं देशावरून देशावर एका दिवसात जाऊन राहिली, आणि निकाल तोच.

निकाल असा होता, की सात कामकाजी दिवसांत निर्णय होईल, तोवर वाटप स्थगित.

सही माझी होती. दिलेला शब्द मोडणं हेही पापच, आणि नेम मोडणं हे त्याहून. करार सोडायचा तर नव्वद दिवसांची नोटीस, आणि शरणम्मा तर मिलच्या दारात परत उभी राहणार. तिचा खोकला आठ दिवसांत थांबला होता. रात्री ती झोपते, असं तिच्या लेकीनं मला येऊन सांगितलं होतं. कशासाठी सांगितलं कोण जाणे, पण सांगितलं. मी ठरवलं, द्यायची नाही तर खायचीही नाही. पाणी आणि कपभर दूध. सात कामकाजी दिवस, आणि मध्ये रविवार धरला तर आठ.

पहिला दिवस सोपा गेला, उपासाची सवय आहे. दुसऱ्या दिवशी तीनशे भाकरी थापताना काठवट दोन दिसायला लागल्या. पहिली भाकरी मी ताटलीत काढून झाकून ठेवत होते, आणि दार लोटून घेत होते. चौतीस वर्षांत सकाळी ते दार मी कधी लोटलं नव्हतं. जंगमस्वामी येऊन दोन मिनिटं उभे राहिले आणि गेले. मी आतून त्यांच्या पायांचा आवाज ऐकला. त्या दिवशी दूधही प्यावंसं वाटलं नाही. हे माझ्यासमोर बसून म्हणाले की तू नाही तर मीही नाही. मला भरून आलं. मग सरजाबाईंनी सांगितलं की अप्पा दुपारी बसस्टँडसमोर भजी खाऊन राहिलेत. नेम माझा होता, ह्यांचा नव्हता.

तिसऱ्या दिवशी जकार्ताहून मोठे साहेब पाहणीला येणार होते, अकरा वाजता. बाया आठला येणार म्हणून मी पूजा उरकून साडेसातलाच तवा ठेवला. पहिली भाकरी उतरली. दार लोटायला म्हणून गेले तर उंबऱ्याबाहेर एक माणूस उभा. गोल चेहरा, साधा सदरा, बूट काढून हातात धरलेले. मला वाटलं नांदेडच्या गुरुद्वाऱ्याला आलेला कुणी परदेशी यात्रेकरू वाट चुकला. त्यानं हात जोडले, आतून येणाऱ्या वासाकडे नाक वळवलं आणि पोटावरून हात फिरवला. ह्या खुणेला भाषा लागत नाही.

मी उंबऱ्याच्या आत, तो बाहेर. हात दारावर होता. सहावं कलम मला तोंडपाठ होतं, कडक असो वा मऊ, पूर्ण असो वा अर्धवट. शरणम्मा डोळ्यांसमोर आली. पण दारात भुकेलं माणूस उभं असताना दार लोटायचं म्हणजे नक्की कुठल्या बाजूला ढकलायचं, ते माझ्या हाताला कळेना. मी बाजूला झाले आणि म्हटलं, “या, बसा.”

तो पाटावर मांडी घालून बसला. भाकरी, शेंगाचटणी, दही आणि मिरचीचा ठेचा. ठेचा मी बाजूला थोडा ठेवला, परक्या माणसाला लागेल म्हणून. त्यानं तो संपवून बोटानं पुन्हा मागितला. सरजाबाई भिंतीवरून बघत होत्या. त्यांनी जाहीर केलं की ह्या माणसाला तिखट लागून न्हाई राहिलं. त्यानं चार भाकरी खाल्ल्या. मग मी देवाला हात जोडून, तीन दिवसांनी, त्याच्यासमोरच घास घेतला. तो एवढा गोड लागला की मला लाज वाटली.

तेवढ्यात स्वप्नाली धापा टाकत आली, मागे टाय लावलेले तिघे. ती दारातच थांबली.

“अक्का, हे विबोवो साहेब हायेत. आपले.”

साहेब हॉटेलात लवकर उठले, नाश्त्याला वेळ होता, म्हणून एकटेच गल्ली बघायला निघाले होते. साहेबांनी खिशातून पाकीट काढलं. लिंबाजीभाऊ तोवर आलेच होते, त्यांनी हात वर केला. त्यांनी सांगितलं, आणि स्वप्नालीनं साहेबांना समजावलं, की पैसे दिले तर वैनींनी माल बाहेर विकला असं होतंय, न्हाई दिले तर कंपनीच्या अधिकाऱ्याला भेट दिली असं होतंय, आणि भेट घेतली म्हणून साहेबाला सोताचीच तक्रार करावी लागतीय. साहेबांनी पाकीट अर्धवट उघडं तसंच धरलं. भेट न घेण्याचा तो नियम त्यांच्याच सहीनं निघाला होता, असं नंतर कळलं. त्यांच्या कपाळावर घाम आला, आणि तो ठेच्याचा नव्हता. आम्ही दोघं समोरासमोर बसलो होतो, एकाच ताटातून गुन्हा करून.

मी त्यांना ताक दिलं. आता एवढं झालंच होतं, ताकानं काय वाढणार.

स्वप्नालीनं त्यांना पहिल्या भाकरीचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, एकदा दाराकडे बघितलं, आणि विचारलं की मी काल आलो असतो तर? मी म्हटलं, काल दार लोटलेलं होतं. स्वप्नालीनं ते त्यांना सांगितलं. जाताना बूट हातातच घेऊन गेले, गल्लीच्या टोकाला घातले.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. पुरवठादारानं अधिकाऱ्याला खाद्यपदार्थ भेट दिल्यामुळे श्रीमती शिवगंगा यांचं नाव तीन वर्षांसाठी यादीतून वगळण्यात येत आहे. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी माझ्या नावावर लाच जमा झाली, आणि तीही ज्वारीची. ह्यांना फार लागलं. सरजाबाईंनी विचारलं, चार भाकऱ्यात परदेशी साहेब इकत घेता येतो तर तहसीलदाराला किती लागतील. लिंबाजीभाऊ उत्तर देणार होते, पण थांबले.

काम मात्र गेलं नाही. ते शरणम्माच्या नावावर, तिच्या घरात गेलं. मीच तिला माप शिकवलं. नव्या कराराची एकोणीस पानं ती माझ्याकडे घेऊन आली, आणि आम्ही लिंबाजीभाऊंना बसवून प्रत्येक ओळ वाचून घेतली. सहाव्या कलमाखाली एक ओळ नवी होती. दिवसातली पहिली भाकरी हे कंपनीचं उत्पादन मानलं जाणार नाही. लिंबाजीभाऊंनी ती तीनदा वाचली. स्वप्नाली म्हणाली, ही ओळ आता सगळ्यांच्या करारात आहे, बिदरच्या बायांच्यासुद्धा. विबोवो साहेबांनी घातली. त्यांची स्वतःची चौकशी अजून चालूच होती.

पण माझ्यावरचा ठपका निघायचा तर दाद मागण्याचा एक अर्ज होता. स्वप्नाली लॅपटॉप घेऊन मुद्दाम लातूरहून आली. म्हणाली, अक्का, दोन मिनिटांचं काम हाय. नाव, गाव, क्रमांक तिनं भरला. शेवटचा प्रश्न आला, तो तिनं मराठीत सांगितला. सदर भेट दिल्याबद्दल आपल्याला खेद आहे का? हो लिहिलं की नाव परत यादीत.

हे दारात उभे होते. लिंबाजीभाऊ, शरणम्मा, सगळे माझ्याकडे बघत होते. मला माझ्या नावाची काळजी होती, खोटं का सांगू. रात्र-रात्र झोप लागत नव्हती. लेकाच्या सासरी काय म्हणतील, मठात काय म्हणतील.

“अक्का, नुसतं टिक करा,” स्वप्नाली हळूच म्हणाली. “कोन वाचून राहिलंय.”

मी पदरानं बोट पुसलं. पीठ लागलेलं होतं. दोन चौकोन होते, आणि मी तिला खालचा कशाचा ते विचारून घेतलं, चूक होऊ नये म्हणून. मग खालचा दाबला. खेद नाही.

स्वप्नालीनं डोळे मिटून घेतले. लॅपटॉपवर हिरवं पान आलं. आपला प्रतिसाद नोंदवला, आभारी आहोत, आमच्यासोबतचा आपला अनुभव कसा होता, पाचपैकी किती तारे द्याल.

मी पाचही दिले. आपल्या दारात आलेल्याला कमी कसं द्यायचं.